गिब्सनचं लव्हेंडर आणि करकंबची कात्री

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, आमचं करकंब हे कात्रीवर जगणारं गाव आहे असं म्हटलं, तर आमच्याकडचे शिंपी खूश होतील. पण मी म्हणतोय ती कात्री छाटणीची. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. भोवताली ऊस आहे, केळी आहेत, पण गप्पा ऐकाल तर त्या द्राक्षाच्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि मधल्या काळात काडी पिकली का, डोळे फुगले का, याच्याच चर्चा. चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही बोटांची कात्री करून बोलतो.

मी स्वतः शेतकरी नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण अशा गावात राहून छाटणीबद्दल मत नसणं शक्य नाही. त्या मतापायीच माझ्या हातून एक झाड मेलं. ते झाड लव्हेंडरचं होतं.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर लंडनच्या दक्षिणेला, मिचमच्या जवळ राहायला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या घरापुढं लव्हेंडरची दोन झुडपं होती. दर वेळी येताना ती वाळलेल्या फुलांची एक चिमुकली पुरचुंडी आणायची. ती आईच्या ट्रंकेत, इरकली लुगड्यांच्या घडीत जायची. ट्रंक उघडली की आधी कापूर, मग तो वास. बहीण गेली, आणि वर्षभरानं भाची पुण्याहून आली ती एक कुंडी घेऊन. म्हणाली, "मामा, आईची आठवण. तुझ्याकडं जगेल." रोपावर चिठ्ठी होती, त्यावर एवढंच लिहिलेलं, लव्हेंडर.

पहिला हिवाळा बरा गेला. फुलं आली, करडी पानं चुरगाळली की ट्रंकेचा वास यायचा. मार्चनंतर झुडूप पसरलं, मधे पोकळ झालं, खालच्या काड्या लाकडासारख्या झाल्या. एप्रिल उजाडला होता. बागांमधून छाटणीच्या टोळ्या फिरत होत्या. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कात्री घेतली आणि बुडापासून चार बोटं ठेवून सगळं उतरवलं. खरड छाटणीच केली म्हणा ना. मग पाणी दिलं, खत दिलं आणि वाट पाहत बसलो.

महिना झाला, दोन झाले. एक डोळा फुटला नाही. आमचे द्राक्षवाले तात्या पाहायला आले. वाकून त्यांनी नखानं साल खरवडली आणि म्हणाले, "गुरुजी, पेस्ट लावून बघायची का?" द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ऑक्टोबरात जी पेस्ट लावतात, ती. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा मी ती कुंडी भिंतीआड नेऊन ठेवली, भाचीनं फोनवर काही विचारू नये म्हणून.

शिक्षकाला एक खोड असते. चूक झाली की तो पुस्तकांकडं पळतो. मीही पळालो, आणि शोधत गेलो ते थेट दापोडीला जाऊन पोचलो. पण आधी द्राक्षाचं सांगतो, कारण माझी चूक द्राक्षातून आलेली होती.

द्राक्षवेल ही थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिकडं हिवाळ्यात तिची पानं झडतात, ती झोपते, आणि त्या झोपेत माळी एकदा छाटणी करतो. आपल्या दख्खनमध्ये तेवढी थंडीच नाही, त्यामुळं वेल झोपत नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात याची त्यानं खास नोंद केली. पुढं आपल्या लोकांनी काय केलं, तर दोनदा फळणाऱ्या वेलीला दोनदा छाटून एकच पीक घ्यायला शिकले. एप्रिलची छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. पावसाळ्यातल्या फळात गोडी नाही. म्हणून जिच्यातून गोड फळ मिळतं ती गोडी छाटणी, असं ते साधं नाव. निसर्गानं जी झोप दिली नाही ती कात्रीनं आणायची, हा सगळा खेळ आहे. मला ही आपल्या शेतीच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्यावर इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ नाही याचं आश्चर्यही वाटतं. आमच्याच जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतल्या वेलींतून वेगळा घड हेरला आणि 'सोनाका' हा वाण दिला. कात्री धरणाऱ्याची नजर काय करू शकते, ते त्यातून दिसतं.

हे सगळं का जमतं? कारण वेलीच्या जुन्या लाकडातही डोळे दडलेले असतात. वरचं काढलं की ते जागे होतात. लव्हेंडरचं तसं नाही. त्याचे जिवंत डोळे हिरव्या, पानं असलेल्या भागात असतात. पानं झडून काडी एकदा तपकिरी लाकूड झाली, की तिथून नवी फूट येणं जवळजवळ संपलं. मी नेमकं हिरवं सगळं कापून टाकलं होतं आणि लाकूड राखलं होतं.

आता दापोडी. १८१७ साली खडकीची लढाई झाली, तेव्हा कॅप्टन फोर्डची पलटण जिथून इंग्रजांच्या मदतीला आली ती ही दापोडी. इंग्रज तिला दापुरी लिहीत. फोर्डचा तिथला बंगला आणि भोवतालची जागा १८२८ साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात सरकारनं घेतली आणि तिथं वनस्पतींची बाग सुरू झाली. १८३८ पासून तिचा प्रमुख होता डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. स्कॉटलंडचा माणूस, कंपनीच्या नोकरीतला शल्यवैद्य. त्याआधी देवीची लस टोचत तो दख्खन आणि खानदेशात फिरला होता. म्हणजे आपले डोंगर आणि माळ त्यानं पायी पाहिलेले. जुन्नरजवळ हिवरे इथंही त्याच्या देखरेखीखाली औषधी झाडांची लागवड होती. लष्करी दवाखान्यांना लागणारी औषधं विलायतेहून आणण्यापेक्षा इथंच पिकवावीत, हा त्यामागचा हिशेब. पुढं १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगल संरक्षक झाला. डोंगर उघडे पडले तर पाण्याचे झरे आटतील, हे सरकारला वारंवार बजावणाऱ्यांपैकी तो एक.

त्याच काळात मुंबईच्या टपाल खात्यात जॉन ग्रॅहम नावाचा अधिकारी होता. दिवसा पत्रांच्या थैल्या, उरलेल्या वेळात झाडं. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी त्यानं तयार केली. ती १८३९ साली प्रसिद्ध झाली, पण छपाई पुरी व्हायच्या आधीच तो खंडाळ्याला वारला. उरलेलं काम जोसेफ निम्मो या त्याच्या मित्रानं पार पाडलं. त्या यादीत एका झुडपाला नाव दिलेलं आहे, 'लॅव्हेंड्युला गिब्सोनाय'. गिब्सनचं लव्हेंडर!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. कारण हे काही विलायतेहून आणून लावलेलं झाड नव्हे. हे आपल्या सह्याद्रीचं. जगात दुसरीकडं ते आढळत नाही. जांभळट फुलांचं हे लव्हेंडर पश्चिम घाटाच्या उतारांवर आपलं आपण उगवतं. त्याचा एक भाऊबंद, 'लॅव्हेंड्युला बायपिनाटा', तर आणखी पसरलेला, दख्खनच्या मुरमाड, खडकाळ माळांवर पावसाळ्यानंतर दिसणारा. फुलं फिकी निळसर-पांढरी, पानं बारीक चिरलेली. ट्रंकेत ठेवावा असा अत्तरासारखा दरवळ त्याला नाही, म्हणून तेलासाठी त्याला कोणी लावत नाही आणि विचारतही नाही. शेळ्या हाकणाऱ्या पोरानं ते शंभर वेळा तुडवलं असेल. मीही तुडवलं असेल. शाळेच्या सहली घेऊन जुन्नरकडं गेलो तेव्हा मुलांना शिवनेरी दाखवला, लेणी दाखवली, पायाखाली पाहिलं नाही.

गिब्सनबद्दल मला आदर आहे, पण एक गोष्ट खटकते. १८४७ ते १८५० या काळात त्यानं दापुरीच्या बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची चित्रं काढून घेतली. ही सुंदर जलरंगातली चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. हेन्री नोल्टी या अभ्यासकानं २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. चित्रकार होता एक हिंदी-पोर्तुगीज वंशाचा माणूस, आणि त्याचं नाव कुणी नोंदवून ठेवलेलं नाही. ज्या माळ्यांनी रोपं जगवली त्यांचीही तीच गत. पाहणाऱ्याचं नाव झाडाला चिकटलं. रंगवणारा, कापणारा, पाणी घालणारा, सगळे गळाले. कोणत्या झाडाला कात्री कुठं लावायची हे ज्याच्या बोटांना ठाऊक, त्याच्याकडून ते कुणी लिहून घेतलं नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी हे पोरांना सांगत आलो, आणि माझ्या घरातलीच अशी बोटं मी कशी विसरलो, ते पुढं येईलच.

विलायती लव्हेंडरचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या काठचे चुनखडीचे डोंगर. लॅटिनमधल्या 'धुणे' या क्रियापदावरून त्याचं नाव पडलं असं मानतात. अंघोळीच्या पाण्यात आणि धुतलेल्या कपड्यांत ते घालत. आपल्याकडं ते औषध म्हणून आलं. युनानी हकीम त्याच्या एका जातीला उस्तखुद्दूस म्हणतात, आणि डोक्याच्या विकारांवर ते इतकं नामी मानतात, की 'मेंदूचा झाडू' असं त्याचं दुसरं नाव आहे. मग इंग्रजांबरोबर आलं ते बाटलीतलं लव्हेंडर वॉटर, साबण आणि पावडर. म्हणजे वास आला, औषध आलं, नाव आलं; झाड कसं जोपासायचं हे मात्र आलं नाही. बहीण राहायची त्या मिचमला एके काळी लव्हेंडरची शेतंच्या शेतं होती आणि लंडनच्या रस्त्यांवर बायका त्याच्या जुड्या विकत. आता तिथं घरं आहेत. ती म्हणायची, "आमच्या गल्लीत लव्हेंडर म्हणजे पाटीवरचं नाव तेवढं."

आज आपल्या देशात त्याची खरी शेती होते ती जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या बाजूला, पाच हजार फुटांवर आणि त्याहून उंच. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून रोपं मिळाली आणि मक्याच्या जागी जांभळे वाफे उभे राहिले. तिथं बर्फ पडतं. अस्सल इंग्रजी लव्हेंडरला फुलण्यासाठी कडक थंडी लागतेच. करकंबात बर्फ फक्त रसवंतीवर.

पण आमच्याकडं अगदीच नन्नाचा पाढा आहे असंही नाही. लव्हेंडरला चुना चालतो, आवडतोही, आणि आमच्या जमिनीत चुनखडीला तोटा नाही. ऊन त्याला हवंच. पाऊस आमच्याकडं कमी, तेही बरंच. अडचण आहे ती पावसाच्या वेळेची. त्याच्या मूळ घरी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडं उकाडा आणि ओल एकदम येते, जुलै ते सप्टेंबर. वर आमची काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात मुळं कुजतात. तेव्हा काळ्या मातीत लव्हेंडर लावणं म्हणजे त्याला बुडवणंच. निम्मा मुरूम, थोडी वाळू, थोडं जुनं शेणखत, मातीची कुंडी आणि बुडाला मोकळं भोक. पाणी द्यायचं ते बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. मी पहिल्या कुंडीला रोज सकाळी तांब्याभर घालत होतो, भक्तिभावानं.

हे सगळं वाचून झालं, तरी कात्रीचा प्रश्न मनात राहिलाच होता. तो सुटला आमच्याच अंगणात.

आमच्या वाड्यात आईच्या हातचं तुळशीवृंदावन आहे. पंढरपूर इतकं जवळ की तुळस आमच्याकडं नुसती अंगणात नसते, शेतातही असते; विठोबाच्या माळांसाठी लागतेच. आईचा नेम असा, की रोज पूजेला शेंड्याची चार पानं खुडायची आणि मंजिरी दिसली की लगेच काढायची. द्वादशीला मात्र हात लावायचा नाही. आम्ही पोरं विचारायचो, मंजिरी का काढतेस? ती म्हणायची, "मंजिरी पिकू दिली की तुळस म्हातारी होते रे." बुडाजवळ ती कधीच कापायची नाही. वरचं कोवळं, तेवढंच. तिची तुळस गुडघ्याएवढी, गोल, दाट. आई गेल्यावर आम्ही भीतीपोटी आणि आदरापोटी तुळशीला हातच लावेनासे झालो. दीड वर्षात ती उंच, काटकुळी झाली, खाली नुसत्या काटक्या, वर मंजिऱ्यांचा झुपका, आणि एका उन्हाळ्यात गेली. सगळ्यांना वाटलं, आईमागं गेली. मलाही तसंच वाटायचं.

तुळस आणि लव्हेंडर एकाच कुळातली. सब्जा, पुदिना, मरवा हेही त्याच घरातले. चौकोनी काडी, दोन ओठांचं फूल. हे मला पुस्तकात सापडलं, आणि सापडताक्षणी आठवला बहिणीचा जुना फोन. ऑगस्ट असावा. ती दारात उभी राहून स्वयंपाकघरातल्या कात्रीनं फुलं उतरवत होती. मी विचारलं, किती कापतेस? ती म्हणाली, "आईच्या तुळशीसारखंच आहे रे दादा. फूल झालं की काढायचं, हिरव्यातलं थोडं घ्यायचं, लाकडाला हात लावायचा नाही." मी "हो हो" म्हटलं होतं आणि विषय बदलला होता. त्या वर्षी द्राक्षाला भाव पडले होते, तो मला जास्त महत्त्वाचा वाटला.

शेवटी भाचीला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मामा, आईनंसुद्धा पहिली दोन मारली होती." पुढच्या दिवाळीत तिनं दुसरं रोप आणलं, या वेळी विचारून, दातेरी पानांच्या जातीचं. याच्या पानांच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते असतात. वास इंग्रजी लव्हेंडरइतका गोड नाही, थोडा कापराकडं झुकणारा. पण ते उष्णता सोसतं आणि फुलण्यासाठी बर्फाची वाट पाहत नाही. आपल्यासारख्या गावात घरच्या बागेत लावायचं असेल, तर माझं मत याच्या बाजूनं.

आता मी असं करतो. रोप लहान असताना शेंडे दोन-तीनदा खुडले, त्यामुळं ते बुडापासून फुटलं. फुलं सुकायला लागली की दांड्यासकट काढतो, आणि त्याखालचा हिरवा भाग साधारण एक तृतीयांश. प्रत्येक काडीवर पानांच्या दोन-तीन जोड्या राहिल्याच पाहिजेत. हे काम मार्च संपायच्या आत. एप्रिल-मेच्या उन्हात कात्री बंद, आणि दुपारनंतर कुंडीला सावली. पावसाळ्यात कुंडी ओसरीच्या पन्हाळीखाली येणार नाही अशी सरकवतो. ऑक्टोबरात, गावात गोडी छाटणीची धांदल सुरू असते तेव्हा, मी बसल्या जागी वाकड्या वाढलेल्या काड्यांना आकार देतो. पावसाळ्यानंतर चार इंचांच्या, फूल नसलेल्या कोवळ्या काड्या खालची पानं काढून वाळूत खोचल्या. सहांपैकी चार लागल्या. एक तात्यांकडं दिली. त्यांनी ती द्राक्षाच्या शेडजवळ ठेवली आहे आणि टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवलंय, "हिला हात लावायचा न्हाई. ही गुरुजींची हाय, ही खरडायची नसती."

तुळसही नवी लावली. सून रोज शेंडे खुडते.

परवा भाचीचा फोन आला. पहिला बहर उतरवला असं सांगितलं, तर तिनं लगेच विचारलं, "मामा, किती कापलंस?"

"चार बोटं," म्हटलं. "हिरव्यातलीच."

फुलं ओसरीत उलटी टांगली आहेत. वाळली की पुरचुंडी बांधून ट्रंकेत टाकायची आहेत.